मेस्त्रींचा कान

देवबागच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. मधल्या वाळूच्या पट्टीवर माणसं राहतात, आणि त्या माणसांच्या घरात टीव्ही, फ्रीज, मिक्सर, पंप असं जे काही असतं ते दोन्हीकडचा खारा वारा बारा महिने खात असतो. या वाऱ्याने गावात पुष्कळांचं नुकसान केलं, पण गंगाराम मेस्त्रीचं पोट भरलं. चाळीस वर्षं तो आपल्या घराच्या पडवीत बसून गावाची बिघडलेली यंत्रं उघडतो आहे. दुकानाला पाटी नाही. वस्तू आत आली की तो ती आधी हलवून बघतो, मग तिचा वास घेतो आणि आणणाऱ्याकडे न बघता म्हणतो, "मंगळवारी ये." मंगळवारी ती वस्तू बहुधा चालू झालेली असते.

माणूस तसा सरळ. फक्त त्याच्यासमोर दुसऱ्या कुणा कारागिराची स्तुती करायची नाही. केलीत, तर तुमचा मंगळवार पुढच्या महिन्यात गेला म्हणून समजा.

ही मिजास लोक खपवून घ्यायचे ते त्याच्या कानामुळे. गंगारामाचा बाप शिवा मेस्त्री पायपेट्या दुरुस्त करायचा. दशावतारी नाटकात गाणारा बुवा पायाने भाता मारत जी पेटी वाजवतो, ती पायपेटी. तिच्यातल्या पितळी पट्ट्या किंचित किंचित घासून सूर जुळवायचा असतो, आणि ते काम बापाने पोराला डोळ्यांवर पंचा बांधून शिकवलं. दोन सूर एकमेकांच्या जवळ आले, पण पुरते एक झाले नाहीत, तर त्यांच्यात एक बारीक थरथर ऐकू येते. बाप तिला लहर म्हणायचा. लहर मेली की सूर लागला. गंगारामाला शेजारच्या खोलीतल्या पेटीतली लहरसुद्धा ऐकू यायची. कुडाळपासून शिरोड्यापर्यंत कुठल्याही मंडळाची पेटी बिनसली की लोक म्हणायचे, एकदा मेस्त्रींच्या कानाखालून काढा.

असा माणूस सुखाने म्हातारा व्हायला काय हरकत होती? पण पाच वर्षांपूर्वी भाईंच्या दशावतार मंडळाचा कीबोर्ड त्याच्या पडवीत आला आणि डोक्यात किडा शिरला.

भाई म्हणजे मंडळाचे मालक आणि पायपेटीवर बसणारे बुवाही तेच. हल्ली लोकांना ट्रिकसीन लागतो. राक्षस धुरातून यायला हवा, नागाने फणा काढायला हवा, आणि त्या वेळी अंगावर काटा येईल असा आवाजही हवा. त्यासाठी घेतलेला तो महागडा कीबोर्ड दोन पावसाळ्यांत मेला होता. गंगारामाने स्क्रू काढले आणि बघतच राहिला. आत मधोमध डांबरासारखा एक काळा ठिपका आणि बाकी सगळी मोकळी जागा.

"ह्येच्यात दुरुस्त काय करू, भाई?" तो म्हणाला. "ह्येका आतडीच नाय."

आतडी असलेलं वाद्य आपणच करायचं, हे त्याने त्याच दिवशी ठरवलं. अशा वाद्याला ॲनालॉग सिंथेसायझर म्हणतात हे त्याला मोबाइलवर नंतर कळलं. बायको हौसाबाई त्याला खोका म्हणायची. गंगारामाने त्याच्या अवयवांना आपली नावं ठेवली होती. जिथे विजेपासून सूर तयार होतो तो गळा. असे चार गळे. सुराचा कर्कशपणा जिथे गाळून निघतो ती चाळण. आणि सूर सरळसोट न राहता झोपाळ्यावर बसल्यासारखा वर-खाली व्हावा म्हणून जी रचना, ती हेलकावा. बाहेर पिळायची बटणं होती त्यांना तो कान म्हणायचा, कारण ती पिळल्याशिवाय खोका वळणावर येत नसे. मेलेल्या टीव्हींमधून भाग काढले, फणसाच्या फळ्यांची पेटी केली आणि बापाच्या मोडक्या पायपेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या तिला बसवल्या.

आवाज असा निघाला की हौसाबाईच्या हातून भाताचा टोप सुटला. राक्षस खरंच पडवीत येऊन उभा राहिला आहे, असा तो आवाज. पहिल्या दिवशी गंगाराम जेवला नाही.

पण अशा गळ्यांना एक दुखणं असतं. एक व्होल्ट वाढवला की सूर बरोबर एक सप्तक चढावा, असा त्यांचा हिशेब असतो, आणि गरमी वाढली की तो हिशेब चुकतो. सकाळी जुळवलेले चार गळे दुपारी चार दिशांना तोंडं करून बसायचे. गंगारामाने काय काय केलं! ट्रान्झिस्टरच्या जोड्या पाठीला पाठ लावून चिकटवल्या, वरून तांब्याचा पत्रा गुंडाळला, मासळीच्या थर्मोकोलच्या खोक्याचे तुकडे कापून त्यांना घर केलं. त्या घराला बांगड्याचा वास यायचा तो शेवटपर्यंत गेला नाही. सूरही टिकला नाही. दर वीस मिनिटांनी कान पिळायला तो स्वतः बाजूला बसलेला लागायचा.

गेल्या वर्षी एका जत्रेत भाईंनी पेटी नेली. धूर सुटला, राक्षस आला, आणि नेमके त्याच वेळी दोन गळे घसरले. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "राक्षसाक सर्दी झाली रे!" सगळा मांडव हसला. राक्षससुद्धा हसला. भाईंनी दुसऱ्या दिवशी पेटी परत पाठवली आणि निरोप दिला: फेब्रुवारीत मालवणला महोत्सव आहे, तोपर्यंत सूर टिकला तर पेटी नेतो, नाहीतर नवा कीबोर्ड घेतो.

तेव्हापासून गंगारामाला एकच ध्यास लागला. महोत्सवात पेटी वाजली पाहिजे, आणि ही गंगाराम मेस्त्रीची पेटी असं लोकांनी म्हटलं पाहिजे. बोटवाल्या मुलांचे बंगले झाले होते, ज्यांना धड फ्यूज बांधता येत नाही त्यांच्या नावाच्या पाट्या रस्त्यावर लागल्या होत्या. त्याच्या नावावर काय होतं? गावभरचे मंगळवार. म्हातारपणी माणसाला एक तरी वस्तू आपल्या नावाची हवीशी वाटते, त्यात वाईट काही नाही.

मग मे महिन्यात शर्मिला घरात आली.

शर्मिला त्याची सून. मुलगा मितेश पर्यटकांना बोटीतून डॉल्फिन दाखवायला नेतो आणि घरामागच्या दोन खोल्यांत पाहुणे उतरवतो, त्याची बायको. ती मूळची दोडामार्गची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून चार वर्षं रोज बसने गोव्याला एका कारखान्यात जायची, तिथे तयार बोर्ड तपासायचं काम करायची. लग्नानंतर ते सुटलं आणि पाहुण्यांची नाश्ता-जेवणं तिच्या वाट्याला आली. पहिले सहा महिने ती पडवीत फक्त चहा ठेवायला यायची. पण चहा ठेवून जाताना दोन पावलं जास्त रेंगाळायची, हे गंगारामाने हेरलं होतं.

एकदा पाहुणे नसलेल्या दुपारी ती सरळ खोक्यासमोर येऊन बसली. सगळ्या वायरींवरून नजर फिरवून म्हणाली, "बाबांनू, गळे तुमचे एकदम बरे आसत. फक्त तेंका कोणीतरी सारखा आयकूक होया. तुमी किती वेळ आयकत बसतलास?"

"माका कान आसत," गंगाराम म्हणाला.

"आसत म्हणानच सांगतंय. तुमी जा कानान करतास, ता ह्येका शिकवया."

त्याला नाही म्हणायचं होतं. पण महोत्सवाला सात आठवडे उरले होते आणि चारही गळे आपापल्या मर्जीने गात होते. तो म्हणाला, "बघ काय करतंस ता." मनात म्हणाला, पाच वर्षं मला जमलं नाही, ही पोळ्या लाटून उरलेल्या वेळात काय करणार?

तिने चार दिवसांत केलं.

काडेपेटीएवढा एक बोर्ड मागवला. सकाळचा नाश्ता आणि दुपारची मासळी यांच्यामध्ये लॅपटॉप उघडून ती काहीतरी लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. पाचव्या दिवशी तिने पेटीला एक लाल बटण आणि एक छोटा पडदा बसवला. बटण दाबलं की बोर्ड एकेका गळ्याला गायला लावतो, एका सेकंदात किती कंपनं झाली ती मोजतो, आणि चूक असेल तिथे विजेचा दाब राईएवढा कमी-जास्त करतो. वर हेलकावेसुद्धा तिने बोर्डातून द्यायला सुरुवात केली: संथ, घाबरा, उचकी लागल्यासारखा, असे सोळा तऱ्हेचे. कुठला कान किती पिळला होता तेही बोर्ड लक्षात ठेवायचा. एक नंबर दाबला की राक्षस, दोन नंबर दाबला की नाग.

गंगारामाने परीक्षा घ्यायची ठरवलं. चारही गळे त्याने मुद्दाम बिघडवले आणि बापाची पितळी पट्टी हातात घेऊन कानाने जुळवले. बावीस मिनिटं लागली. मग पुन्हा बिघडवले आणि शर्मिलाला बटण दाबायला सांगितलं. नऊ सेकंद. गंगारामाने स्पीकरला कान लावला. लहर शोधली. उजवा कान लावून झाला, डावा लावून झाला, डोळे मिटून झाले. एवढीशी, केसाएवढी तरी लहर सापडावी म्हणून त्याने मनातल्या मनात देवाची विनवणी केली. सूर एकदम स्वच्छ होता.

"बरा आसा," तो म्हणाला आणि तोंड धुवायला विहिरीवर गेला.

त्याला हेवा वाटला. सुनेचा. हे दोन शब्दांत सांगता येतं, पण सासऱ्याने सुनेचा हेवा करावा ही गोष्ट त्याला स्वतःशी कबूल करायला पंधरा दिवस लागले. तोवर त्याने त्या हेव्याला निरनिराळी नावं देऊन पाहिली. पित्त झालंय. थंडीने छाती भरली आहे. ही पोर जरा पुढे पुढे करते, एवढंच. मग एका दुपारी मासळी चिरताना हौसाबाई सहज बोलून गेली, "चार दिवसांत केल्यान हो सुनेन! तुमी पाच वर्सां फुंकत बसलेलास."

"तिना काय नाय केल्यान. तिना फक्त बटण लावल्यान."

"मगे ता बटणच नाय होता मा इतकी वर्सां!"

त्या क्षणी पोटात जी कळ उठली ती पित्ताची नाही, हे त्याला कळलं. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण त्याने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरली होती.

यात गंमत अशी, की शर्मिला त्याला सगळं श्रेय देत होती. "चाळण तुमची आसा म्हणान हो असलो आवाज इलो, बाबांनू. माका जन्मात जमाचो नाय." ती हे मनापासून म्हणायची, आणि ते खरंही होतं. त्या चाळणीतून येणारा घोगरा, ओलसर आवाज कुठल्याही पुस्तकात सापडला नसता. पण हेवा लागलेल्या माणसाला कौतुकाचा घास गिळता येत नाही. ही आपल्याला समजावते आहे, म्हाताऱ्याचं मन राखते आहे, असं त्याला वाटायचं. तिने कौतुक केलं नसतं तरी त्याला राग आला असता, ही गोष्ट वेगळी.

मग लोक सुरू झाले. पेटी बिघडत होती तोवर ती गावात मेस्त्रींचा खोका होती. सूर लागला आणि ती शर्मिलाची पेटी झाली. पुण्याहून आलेल्या एका जोडप्याने शर्मिला पेटी वाजवत असतानाचा व्हिडिओ काढला. गंगाराम बाजूला स्टुलावर बसून कथील वितळवत होता. त्या जोडप्यातली बाई त्याच्याकडे वळून गोड हसली आणि म्हणाली, "काका, तुम्हीपण मदत करता का हिला?"

गंगारामाने हो म्हणून मान हलवली. त्या व्हिडिओत तो दिसतो, फक्त कोपरापर्यंतचा हात.

व्हिडिओ फिरत फिरत भाईंपर्यंत पोचला. त्यांचा फोन आला तो गंगारामाच्याच मोबाइलवर. वीस वर्षांची ओळख, हजार वेळा केलेली पेटीची कामं. भाई म्हणाले, "मेस्त्रीनू, बरे आसास मा? जरा शर्मिलाक फोन द्या."

गंगारामाने फोन दिला. दिला आणि परसात जाऊन माडाच्या बुंध्याला टेकून उभा राहिला. आत ती पंधरा मिनिटं बोलत होती. मधे मधे हसत होती. तिने भाईंना "बाबांनी हे केलं, बाबांनी ते केलं" असंच सांगितलं असणार, हे त्याला माहीत होतं, आणि त्यानेच त्याचा जास्त जळफळाट होत होता.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी गावच्या देवळात भाईंनी तालीम ठेवली. सूर टिकतो की नाही ते बघायला. तालीम चारला होती. दोन वाजता घरामागे आठ पाहुण्यांची पंगत बसली होती आणि शर्मिला सोलकढी वाढत होती. पडवीत गंगाराम एकटा होता.

त्याने पेटी उलटी केली, खालची फळी काढली, आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने तिसऱ्या गळ्याचा आतला स्क्रू पाव फेरा फिरवला. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या वस्तूतला एकही स्क्रू त्याने मुद्दाम सैल केला नव्हता. बाहेरचे कान बोर्ड सावरतो, पण आतल्या स्क्रूपर्यंत तो पोचणार नाही; सूर जाईल, बटण दाबूनही येणार नाही, शर्मिला गोंधळेल. मग आपण पुढे व्हायचं, फळी उघडायची, कान लावायचा आणि सगळ्यांसमोर दोन मिनिटांत सूर आणायचा, असा त्याचा बेत होता. यंत्र चुकतं, पण मेस्त्रीचा कान चुकत नाही, हे भाईंनी आपल्या डोळ्यांनी बघावं. फळी परत बसवताना एक स्क्रू त्याच्या हातून दोनदा पडला.

देवळात भाई पायपेटीवर बसले होते. मंडळाचे सात-आठ जण भिंतीला टेकून होते. शर्मिलाने लाल बटण दाबलं. पडद्यावर एक आला, दोन आला, तीन आला आणि तिथे थोडा जास्त वेळ थांबला. गंगाराम उठायच्या बेतात होता. मग चार आला. भाईंनी पायपेटीवर काळी एक धरली आणि शर्मिलाने तोच सूर दाबला.

दोन्ही पेट्या एकाच गळ्यातून गात होत्या. तिच्या बोर्डाने तो पाव फेरा मोजला आणि भरून काढला होता. भाई पायाने भाता मारायचे विसरले. पायपेटी थांबली तरी सूर देवळात भरून राहिला.

"मेस्त्रीनू," भाई म्हणाले, "आता माझीच पेटी माका बेसूर लागाक लागली. उद्या ही पेटी नेतंय."

गंगाराम हसला. हसणं भाग होतं.

तालमीनंतर वायरी गुंडाळताना शर्मिला हळूच त्याच्याशी बोलली. मितेश तोवर रिक्षा आणायला गेला होता आणि बाकीचे लोक चहाला. "बाबांनू, तिसरो गळो आज खूप सरकलो होतो. पाव फेरो तरी."

गंगाराम पेटीचं झाकण पुसत राहिला.

"खाऱ्या वाऱ्यान झाला असतला," ती म्हणाली. "वारो काय करीत सांगाक येना नाय, असा तुमीच म्हणतास."

"व्हय," तो म्हणाला. "खारोच वारो."

वारा गंज चढवतो, वायरी खातो, पितळ काळं करतो. तो स्क्रू फिरवत नाही. हे देवबागच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि शर्मिलाने तर चार वर्षं बोर्ड तपासले होते. तिला कळलं आहे का, हे तो विचारू शकत नव्हता. तिने कळूनही आपल्याला सोडून दिलं असेल, तर त्याहून मोठा अपमान नव्हता, आणि तिला खरंच कळलं नसेल, तर आपण किती खाली उतरलो ते एकट्या आपल्यालाच माहीत होतं. रात्री त्याला भात गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातचा प्रयोग. मालवणच्या मैदानात मंडप भरला होता. पडद्यामागे मंडळाच्या पेटाऱ्यातला गणपती पाटावर मांडला होता, आणि त्याच्यासमोर गंगारामाची फणसाची पेटी ठेवली होती, हार घालून. प्रयोगात नवी वस्तू आली की आधी गाऱ्हाणं होतं. सिंधुदुर्गात त्याशिवाय काही सुरू होत नाही. एक जाणता माणूस हात जोडून देवाला सगळी हकीकत मोठ्यांदा सांगतो, कोण आलं, काय आणलं, काय मागणं आहे, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. देवाला मोघम चालत नाही. नाव स्पष्ट घ्यावं लागतं.

भाईंनी नारळ हातात घेतला आणि गंगारामाकडे वळले. "मेस्त्रीनू, पेटी कोणाच्या नावान सांगू? तुमच्या, सुनेच्या, की दोगांच्या?"

शर्मिला दोन हात अंतरावर स्पीकरची वायर सोडवत होती. मितेश तिच्या बाजूला उभा होता. "दोगांच्या" हा शब्द गंगारामाच्या अगदी ओठांवर आला होता. खरोखर आला होता. एवढ्यात तोंडाला रंग लावलेला राक्षस आतून डोकावला आणि म्हणाला, "शर्मिलाची पेटी लागली काय रे?"

"माझ्या नावान," गंगाराम म्हणाला. "पुरा नाव घ्या. गंगाराम शिवा मेस्त्री."

मितेशने बायकोकडे बघितलं. शर्मिला वायर सोडवतच राहिली, मग ती ठेवून हात जोडून उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा!" भाईंनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या ठिकाणी तुझी लेकरां तुझी सेवा करूक जमलेली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"देवबागच्या गंगाराम शिवा मेस्त्रीन आपल्या हातान, आपल्या अकलेन, ही पेटी घडवून तुझ्या पायाकडे आणून ठेवलेली आसा..."

"व्हय म्हाराजा!"

पाच वर्षं गंगाराम ज्यासाठी झुरला ते हेच. बापाचं नावसुद्धा आलं. मग त्या वीस-पंचवीस आवाजांत त्याला शर्मिलाचा आवाज वेगळा ऐकू आला. मोकळा, पूर्ण, कुठेही हात आखडता न घेतलेला. त्याने कान बंद करून घेतले असते तर बरं झालं असतं.

भाई पुढे गेले. गाऱ्हाण्यात हे वाक्य नेहमीचंच असतं, नव्या होडीला, नव्या घराला, नव्या बैलाला सगळ्यांना तेच. "ह्या पेटीवर कोणाची वाकडी नजर पडली असात, घरातली असो, दारातली असो, कोणाच्या पोटात दुखत असात, कोणी हेव्यान हात लावलेलो असात, तर तेका थंयच्या थंय अडव, आणि ज्येच्या अकलेन ही पेटी वाजता तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. शर्मिला म्हणाली. मितेश म्हणाला. राक्षससुद्धा म्हणाला.

गंगारामाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

भाईंनी एक डोळा उघडला. गाऱ्हाणं ज्याच्या नावाचं त्याने हुंकार दिलाच पाहिजे, नाहीतर देव ऐकत नाही, अशी भाईंची ठाम समजूत होती. "मेस्त्रीनू, गाराणा तुमच्या नावाचा. तुमचोच आवाज येवक नाय." आणि त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. कोणाच्या पोटात दुखत असात. कोणी हेव्यान हात लावलेलो असात. तेका अडव. ज्येच्या अकलेन वाजता, तेका यश दी.

या वेळी दुसरं कोणी बोललं नाही. सगळे त्याची वाट बघत होते. पडद्यापलीकडे लोक टाळ्या वाजवून घाई करत होते. शर्मिला हात जोडून, डोळे मिटून उभी होती.

"व्हय म्हाराजा," गंगाराम मेस्त्री एकटाच म्हणाला.